चिक्केगौडाचा होकार

श्री. कृष्णोजीराव माने यांची आणि माझी पहिली भेट बेंगळुरात, बळेपेटेतल्या माझ्या दुकानात झाली. दुकान म्हणजे दोन भांडीवाल्यांच्या मधला बोळ. त्यावर पत्रे टाकून मी रेडिओ-दुरुस्तीची पाटी लावली होती. एके दिवशी सकाळी काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि गळ्यात तशीच राहून गेलेली मापाची टेप अशा वेषातले एक गृहस्थ आत आले. हातात रेडिओ नव्हता.

“काय बिघडलंय?” मी विचारले.

“बिघडलं काही नाही बा. तुम्ही संध्याकाळी रेडिओचा डबा लावता का?”

“धंदाच तो आहे.”

“मग स्वल्प माझं एक काम करा. माझा आवाज डब्यातून कसा येतो ते मला सांगा. मी तिथं बोलत असतो, तेव्हा इथं ऐकायला मला येता येत नाही.”

तोवर माझ्या कानांनी त्यांना ओळखले होते. रोज संध्याकाळी ग्रामीण मंडळींच्या कार्यक्रमात जो शंकेखोर शेतकरी सगळ्या राज्याला हसवत असे, तो चिक्केगौडा माझ्या दुकानात कोट घालून उभा होता.

“घरी विचारलं नाही का?” मी म्हणालो.

“विचारलं. घरची माणसं छान म्हणतात. छान घेऊन मी काय करू? कुठं कळलं नाही, कुठं कंटाळा आला, ते सांगणारा माणूस पाहिजे.”

माणूस खरेच विचारतो आहे की तोंडदेखले, हे आवाजावरून ओळखता येते. हे खरेच विचारत होते. म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगितले, “बॅटरी उतरली की तुमचे ‘स’ आणि ‘श’ गिळले जातात. खेड्यातल्या सेटवर तर वाक्याचं शेपूटच ऐकू येत नाही.” दुसरे कोणी कलावंत असते तर उठून गेले असते. कृष्णोजीरावांनी कोपऱ्यातले स्टूल पुढे ओढले, त्यावर बसले आणि म्हणाले, “सरी, बरं. आणखी सांगा.”

त्यानंतरच्या आठवड्यापासून चिक्केगौडा वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडीनासा झाला. ‘स’ आणि ‘श’ जास्त असलेले शब्द टाळून त्याच अर्थाचे ठसठशीत कानडी शब्द त्याच्या तोंडी येऊ लागले. उतरलेल्या बॅटरीवर ऐकणाऱ्या माणसासाठी आपली भाषा बदलणारा कलावंत मी तोपर्यंत पाहिला नव्हता. पुढे त्यांना मी सर्वांप्रमाणे किट्टण्णा म्हणू लागलो आणि त्यांच्या कानांचे काम माझ्याकडे कायमचे आले. त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या ग्रंथात मी लिहावे असे आपल्या मंडळाला वाटले, ते याच नात्याने असावे.

माने घराणे बेंगळुरात कधी आले हे कुणालाच नीट सांगता येत नाही. पूर्वज फौजेबरोबर आले, फौज परत गेली, हे राहिले, असे किट्टण्णा सांगतात. पुढे घरात शिवणकाम आले. तरुणपणी ते एका कानडी नाटक मंडळीत राजाच्या भूमिका करीत. लहानपणच्या सुट्ट्या होसकोट्याकडे मामांच्या शेतावर गेलेल्या, त्यामुळे शेतकऱ्याची कानडी त्यांच्या जिभेवर आपोआप चढलेली. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि नभोवाणीवर अशी कानडी की होसकोट्याच्या माणसाने विचारावे, हा आमच्यापैकी कुणाचा मुलगा?

आज घरोघर ट्रान्झिस्टर आले आहेत आणि बोलणे आधी फितीवर घेऊन मग लावतात. त्या दिवसांत तसे नव्हते. लाल दिवा लागला की तोंडातून निघालेला शब्द त्याच क्षणी शेकडो चावड्यांवर पोचत असे; परत घेण्याची सोय नव्हती. कार्यक्रमाची मांडणी साधी होती. सगळे जाणणारे पटेल, म्हणजे गावचे पाटील, काहीच न पटणारा चिक्केगौडा, आणि कुठल्या तरी खात्याचे पाहुणे. पाहुण्यांनी नवी गोष्ट सांगायची, चिक्केगौडाने फाटे फोडायचे, पटेलांनी समजूत घालायची, आणि शेवटी चिक्केगौडाने म्हणायचे, “पटलं!” मग सनईची धून.

केंद्रातले एक अभियंते माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या कृपेने मी काचेपलीकडून हे काम पुष्कळदा पाहिले. किट्टण्णा चपला बाहेर काढून, गालात सुपारीचे खांड धरून माइकसमोर उभे राहत. सुपारीशिवाय चिक्केगौडा बोलतच नाही, असे ते म्हणत. वाचून झालेला कागद हळूच सोडून देत. तो खाली पसरलेल्या गोणपाटावर पडे आणि सळसळ ऐकू येत नसे. गौडा गावाच्या वेशीतून येतो आहे असे दाखवायचे असले की माइककडे पाठ करून बोलायला लागत आणि बोलता बोलता वळत. एवढ्याने आम्हाला रस्ता दिसे, धूळ दिसे.

पण या साऱ्या कसबापेक्षा एक वेगळी गोष्ट मला सांगायची आहे. कार्यक्रमाआधी कँटीनमध्ये पाहुण्यांबरोबर चहा होई. किट्टण्णा तिथे पाहुण्यांना खरोखरीचे प्रश्न विचारीत. समाधान झाले तर कार्यक्रमात नव्या उत्साहाने “पटलं” म्हणत. झाले नाही तर शेवटचे वाक्य बदलून “बघतो विचार करून” असे म्हणत. त्या वेळचे कार्यक्रमप्रमुख वयस्क आणि समजूतदार होते. त्यांनी ही मुभा सुरुवातीपासून दिली होती. कधी कधी किट्टण्णा स्वतः करून पाहत. कंपोस्ट खताच्या खड्ड्याबद्दल बोलायचे ठरले तेव्हा त्यांनी तो आधी स्वतःच्या परसात खणला. त्यांच्या पत्नी रुक्मिणीअक्का यांनी माझ्यासमोर त्यांची हजेरी घेतली होती.

“शिंप्याच्या घरात शेणाचा खड्डा! गिऱ्हाईक ब्लाऊज घ्यायला येतं ते नाकाला पदर लावून!”

“स्वल्प दिवस गं. खत झालं की गुलाब लावू.”

“गुलाब लावा, नाहीतर मला तिकडं गाडून मोकळे व्हा!”

गुलाब लागले. खताला चिक्केगौडाने होकार दिला, तो त्यानंतर.

लोकांनी किट्टण्णांवर केलेल्या मायेच्या गोष्टी ऐकाव्या तेवढ्या थोड्या. सरकारने खेड्यापाड्यांत चावडीवर रेडिओ बसवले, त्यांच्या देखभालीचे काम मला मिळाले आणि सर्जापूर रस्त्यापासून पीण्या गावापर्यंतची खेडी मी माझ्या जुन्या मोटारसायकलवर फिरू लागलो. सर्जापूर रस्त्यापासून आत कल्लुकेरे नावाचे गाव आहे. तिथल्या मुनियम्मा नावाच्या विधवा बाई स्वतःची शेती करतात. हिवाळ्यात नव्या अवरेकाईची, म्हणजे पावट्याच्या शेंगांची, टोपली डोक्यावर घेऊन त्या एकदा थेट केंद्रावर आल्या. चिक्केगौडाला द्यायच्या होत्या. समोर कोट-टोपीतला माणूस पाहून त्यांचा चेहरा उतरला. किट्टण्णांनी तेवढ्यात ओळखले, गालात सुपारी सारली आणि गौडाच्या आवाजात म्हणाले, “अम्मा, शहरात आलो की हे असं सोंग घ्यावं लागतं.” बाईंचा जीव भांड्यात पडला. “बायको बरी आहे ना?” त्यांनी विचारले. कार्यक्रमात चिक्केगौडा बायकोविषयी सारखा कुरकुरत असे. “माहेरी गेलीय,” किट्टण्णा म्हणाले. शेंगा घरी आल्यावर रुक्मिणीअक्कांनी सगळी कथा ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “त्या माहेरी गेलेल्या सवतीला पण पाठवा स्वल्प. तिच्या नावाच्या शेंगा आम्ही खाल्ल्या म्हणून उद्या भांडायला यायची.”

असे सुखाचे दिवस चालले असताना कार्यक्रमप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. माणूस हुशार, कामसू, वेळेचा पक्का. वाईट नव्हते हे मी आधीच सांगून ठेवतो. पेरणीचे दिवस जवळ आले होते आणि शेतकी खात्याने रागीचे, म्हणजे आपल्या नाचणीचे, नवे बियाणे काढले होते. दाणे जास्त, रोग कमी. ते गावोगाव जावे म्हणून बेत ठरला: पाहुणे म्हणून शामण्णा नावाचे तरुण शेतकी अधिकारी बोलावले आणि शेवटी चिक्केगौडाने म्हणायचे, “पटलं! उद्याच बियाणं आणतो.”

चहाच्या वेळी किट्टण्णांनी शामण्णांना विचारले, “या रागीचा उंडा खाल्लात का तुम्ही?”

शामण्णा हसले. “अजून कुणीच खाल्ला नाही, माने. जेवढी पिकली तेवढी सगळी बियाण्याला ठेवली. पण वजन भरपूर आहे.”

“वजन पोत्यात. उंडा दुपारपर्यंत पोटात राहतो का?”

प्रश्न इकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. सकाळी रागीचा उंडा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, खाऊन शेतात उतरलेला माणूस दुपारपर्यंत त्याच्या जोरावर कुदळ चालवतो. शामण्णांनी सरळ सांगितले की हे त्यांना ठाऊक नाही. किट्टण्णांनी साहेबांना सांगितले की शेवटचे वाक्य बदलू या. साहेब म्हणाले, “आज नको. पेरणी तोंडावर आहे. लिहिलं आहे तसं म्हणा.”

लाल दिवा लागला. मी काचेबाहेर होतो. शेवटच्या पानावर येईपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले.   मग चिक्केगौडा म्हणाला, “बियाणं चांगलं दिसतंय, स्वामी. पण त्याचा उंडा खाल्ल्याशिवाय मी पटलं म्हणणार नाही.” पटेलांचे काम करणारे विद्वान गृहस्थ कागदात पुढचे वाक्य शोधत राहिले, आणि सनई लागली.

साहेब आवाज चढवून बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “माने, तुम्ही नट आहात. लिहिलेलं म्हणणं हे तुमचं काम. ते म्हणायला तयार असाल त्या दिवशी या.” किट्टण्णा नोकरीत नव्हते, कराराचे कलावंत होते. पुढचा करार आला नाही.

घरात थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले. लोक आता तयार कपडे घेऊ लागले होते आणि शिवणाच्या एका यंत्रावर घर चालण्याचे दिवस मागे पडले होते. मी भेटायला गेलो तेव्हा रुक्मिणीअक्का दारातच म्हणाल्या, “तुम्ही तरी सांगा यांना. एक शब्द! एक शब्द म्हणायचा आणि घरी यायचं. नाटकात राजा व्हायचे, तेव्हा यांच्याकडं राज्य होतं का?”

किट्टण्णांनी यंत्राचे चाक हाताने थांबवले.

“नाटकात लोकांना ठाऊक होतं मी राजा नाही म्हणून. इथं ठाऊक नाही. मुनियम्मा माझ्या ‘हो’वर बियाणं पेरते.”

“आणि तुमची लेक? ती कशावर जाणार सासरी?”

 पुन्हा चाक फिरू लागले. जाता जाता मला कळले की शामण्णांकडून थोडे बियाणे मागून घेऊन त्यांनी ते होसकोट्याला मामेभावाच्या शेतात पेरायला दिले आहे.

इकडे कार्यक्रमात नवा चिक्केगौडा आला. तरुण नट, नक्कल चोख. सुपारीसुद्धा तशीच. माझ्या कानांनी दोन वाक्यांत ओळखले. पण मी त्याच धंद्यातला. चावडीवरच्या लोकांना आवाजावरून काही कळले नाही. त्यांना कळले ते निराळ्याच गोष्टीवरून.

कल्लुकेऱ्याहून निरोप आला, सेट बिघडला. मी गेलो. तिथले म्हातारे पटेल वाट पाहत बसले होते. बोलणे कानडीत झाले. मी मराठीत देतो.

“आवाज येत नाही का?” मी विचारले.

“येतो की.”

“खरखर होते?”

“छे.”

“मग बिघडलं काय?”

“चिक्केगौडा लगेच हो म्हणतो.”

मला वाटले थट्टा आहे. पटेलांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “अंड्यांना हो म्हणाला. पोत्यातल्या खताला हो म्हणाला. काल तर पाहुण्यांचं बोलणं संपायच्या आधीच हो म्हणाला. पूर्वी असं नव्हतं. आत त्या काचेच्या बाटल्या असतात ना, त्यातली एखादी बदलून बघा.”

“पटेल, वाल्व्ह बदलून माणूस नाही म्हणायला लागत नाही.”

“तुम्हाला काय ठाऊक? मागं बॅटरी उतरली होती तेव्हा बातम्यांच्या बाईंना पडसं झालं होतं. नवी घातलीत आणि बऱ्या झाल्या.”

 मी सेट उघडला, सगळे तपासले, त्यांच्या समाधानासाठी बॅटरीही नवी घातली. संध्याकाळी गाव जमले. आवाज घंटेसारखा स्वच्छ आला, आणि त्या स्वच्छ आवाजात चिक्केगौडाने मधमाश्या पाळायला होकार दिला.

“गेला नाही बिघाड,” पटेल म्हणाले.

मुनियम्मा मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. “त्याला बरं नसेल,” त्या म्हणाल्या. “नाहीतर असं कधी केलं नाही त्यानं. जो सगळ्याला हो म्हणतो, त्याचं हो घेऊन मी काय करू?”

पुढच्या दोन-तीन गावांत हीच तक्रार. पीण्याकडच्या एका खेड्यात तर सेट खाली उतरवून, पोत्यात बांधून, परत न्यायला तयार ठेवला होता.

मला वाटले हे ऐकून किट्टण्णांना आनंद होईल. मी अगदी रंगवून सांगितले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “त्या पोराला कुणी बोलू नका. त्यालाही पोट आहे.” मग त्यांनी विचारले, “शामण्णांचं बियाणं कुणी पेरलं का हो तिकडं?”

“फारसं नाही. तुम्ही नाही म्हणालात ना.”

त्यांचा चेहरा काळवंडला. “हे वाईट झालं. ते बियाणं चांगलं निघालं तर?”

आपल्या होकाराची काळजी करणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्या नकाराचीही तेवढीच काळजी करणारे हे एकच.

दर महिन्याला आम्हा देखभालवाल्यांची केंद्रावर बैठक होई. कुठल्या गावचा सेट का बंद आहे ते सांगायचे. माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितले, “कल्लुकेरे. सेट ठीक, बॅटरी नवी. तक्रार अशी की चिक्केगौडा लगेच हो म्हणतो.” सगळे खो खो हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तक्रार पुन्हा एकदा सांगायला लावली आणि म्हणाले, “पुढच्या फेरीला मी तुमच्याबरोबर येतो.”

आले. माझ्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर वाल्व्हची पेटी घेऊन. चावडीवर कुणी कोण म्हणून विचारले नाही. माझा मदतनीस समजले. कार्यक्रम संपल्यावर साहेबांनीच मुनियम्मांना विचारले, “अम्मा, तो हो म्हणाला, म्हणजे चांगलंच झालं की. तुमचं काय बिघडलं?”

मुनियम्मांनी त्यांच्याकडे पाहिले, शहरातल्या माणसाकडे पाहतात तसे. “माझ्या मुलीला मागणं आलं तेव्हा नवऱ्याकडच्यांनी दहा प्रश्न विचारले. नंतर हो म्हणाले. त्या ‘हो’वर मी मुलगी दिली. एकही न विचारता हो म्हणाले असते तर दिली असती का मी?”

 परतताना शहर जवळ आले तेव्हा साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “मान्यांचं घर कुठं?”

त्या रात्री जे घडले ते मी स्वतः पाहिले, म्हणून छातीवर हात ठेवून लिहितो. साहेब शिवणाच्या यंत्रासमोरच्या बाकावर बसले. रुक्मिणीअक्कांनी कॉफी दिली. साहेबांनी मोकळ्या मनाने सांगितले, “या तुम्ही परत. शेवटचं वाक्य तुमचं. सोमवारपासून या.” अक्कांनी देवघराकडे पाहून हात जोडले.

आणि किट्टण्णा म्हणाले, “स्वल्प थांबा, साहेब. रागी कापणीला आली आहे. आधी उंडा खातो, मग येतो.”

अक्कांचे जोडलेले हात कपाळावर गेले. साहेब मात्र पहिल्यांदा मनापासून हसले.

होसकोट्याला कापणीच्या दिवशी आम्ही सारे गेलो. शामण्णाही आले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. पहिली रागी आधीच मळून, दळून ठेवली होती. अक्कांनी उंडे केले. “रंग उजळ आहे. पाणी कमी मागते,” एवढे म्हणाल्या. कापणीवाल्यांनी सकाळी खाल्ले, आम्हीही खाल्ले, आणि सगळे विळे घेऊन उतरले. सकाळभर किट्टण्णा बांधाबांधाने विचारीत फिरत होते. सूर्य डोक्यावर आला तेव्हा एका म्हाताऱ्या कापणीवाल्यापाशी थांबले.

“तात्या, भूक लागली का?”

“लागली.”

शामण्णा मटकन बांधावर बसले.

“एरवी या वेळी लागत नाही?”

“एरवी लागते तेवढीच. पण सकाळपासून तुम्ही सारखं भूक भूक करताय, त्यानं जास्त लागली!”

शेतभर हशा पिकला. बाकीच्यांनीही तेच सांगितले: जुन्यासारखाच आहे, पोटात राहतो. बैलांपुढे नवे काड टाकले, त्यांनीही तक्रार केली नाही. किट्टण्णांनी शामण्णांना हात देऊन उठवले आणि म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. हे मला तिथं जाऊन सांगायला पाहिजे.”

साहेबांनी सुचवले होते की परतल्याचा पहिला दिवस जरा हसण्याखेळण्याचा ठेवावा. किट्टण्णांनी ऐकले नाही. त्या संध्याकाळी मी मुद्दाम कल्लुकेऱ्याला होतो. पेटीतून तो ओळखीचा आवाज आला. वेशीतून चालत आल्यासारखा. रामराम झाले. मग चिक्केगौडा म्हणाला:

“पटेल, पेरणीच्या वेळी मी नव्या रागीला नाही म्हणालो होतो. मग पेरली, कापली, खाल्ली. बियाणं चांगलं आहे. शंका माझी चुकीची होती. माझं ऐकून ज्यांनी पेरलं नाही, त्यांचं या वर्षीचं पीक माझ्यामुळं कमी आलं. आता पटलं.”

  चावडीवरच्या पटेलांनी माझ्याकडे वळून हळूच विचारले, “कुठली बाटली बदललीत?” मी उत्तर देण्याआधी मुनियम्मा उठल्या, तरातरा पेटीसमोर गेल्या आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, “अरे मेल्या, माझं वर्ष घालवलंस!” सगळे गाव हसत होते, त्या हसत नव्हत्या. पेटीला मनसोक्त शिव्या देऊन झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “ते बियाणं कुठं मिळतं, ते सांग आता.”

पुढच्या पेरणीला त्या भागात ती रागी किती गेली याचा हिशेब शामण्णांनी ठेवला असेल. मला एवढे ठाऊक आहे की होसकोट्याच्या रस्त्यावर हिरव्या पट्ट्यांकडे बोट दाखवून लोक “गौडाची रागी” म्हणू लागले, आणि शामण्णांनी एकदाही तक्रार केली नाही. किट्टण्णांच्या मुलीचे लग्न माघात व्यवस्थित पार पडले. साहेब आहेर घेऊन आले होते. मुनियम्मा टोपली घेऊन आल्या आणि मांडवात त्यांनी रुक्मिणीअक्कांना गाठून विचारले, “गौडा कुठं आहे, आणि त्याची बायको माहेराहून आली की नाही?” अक्का म्हणाल्या, “आली हो. भांडून झालं, आता नांदते आहे.”

नंतरची वर्षे आपण सर्वांनी पाहिली आहेत. फिती आल्या, चुकलेला शब्द कापून टाकण्याची सोय झाली. कार्यक्रमांची चाल बदलली, गाणी वाढली, चावडीवर जमणारी मंडळी खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन आपापल्या बांधावर बसू लागली. किट्टण्णा अजून चपला बाहेर काढूनच आत जातात. तरुण निवेदक त्यांच्याकडे आवाज शिकायला येतात. ते त्यांना आधी चहाला बसवतात आणि पाहुण्यांना विचारायचे प्रश्न काढायला लावतात. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांनी किती ठरावांना “अजून पटलं नाही” म्हटले आहे, हे अध्यक्षांना विचारावे. गणेशोत्सवाच्या मांडवाबाबत माझ्याशीच त्यांचे दोन वर्षे वाजले. शेवटी पटल्यावर पहिला बांबू त्यांनीच रोवला.

हा ग्रंथ निघतो आहे असे कळल्यावर ते माझ्याकडे येऊन म्हणाले होते, “छान छान लिहू नका हो.” मी जे कानांनी ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आहे. किट्टण्णांचा घसा मोकळा राहो, बांधावर फिरताना गुडघे साथ देवोत, रुक्मिणीअक्कांच्या हातची कॉफी आणि बोलणी त्यांना दोन्ही वेळ मिळत राहोत. त्यांच्या आयुष्याची दोरी लांब असावी, अशी ग्रामदेवतेपाशी आम्हा सर्वांची मागणी आहे. तिच्यात आमचा स्वार्थही आहे. आमच्यातल्या कुणाचे चुकत असेल तेव्हा तोंडावर नाही म्हणणारे, आणि त्यांचे स्वतःचे चुकले तर तेवढ्याच मोठ्याने सांगणारे असे वडीलधारे माणूस आमच्या बैठकीत आणखी पुष्कळ वर्षे, निरोगी आणि खणखणीत, बसलेले असावे.